गोठ्यातून शेगडीपर्यंत: घरगुती गोबरगॅस नव्याने बांधणाऱ्या शेतकऱ्यांसाठी

आमच्या घरी पहिला गोबरगॅस बांधला गेला तेव्हा गोठ्यात लहानमोठी आठ जनावरे होती. त्या हिशेबाने ४ घनमीटरचा, म्हणजे रोज तेवढा गॅस देऊ शकणारा, प्लांट बांधला आणि पहिली तीन वर्षे त्याने दोन्ही वेळचा स्वयंपाक भागवला. पुढे भावाभावांत वाटणी झाली, ट्रॅक्टर आल्यावर बैलजोडी विकली गेली आणि गोठ्यात चार जनावरे उरली. रोज १०० किलो शेण मागणाऱ्या प्लांटला जेमतेम ४० किलो मिळू लागले. गॅस कमी पडतो म्हणून घरात सिलिंडर आला, सिलिंडर आहे म्हणून प्लांटकडे जाणे कमी झाले आणि वर्षभरात आत शेणाची हातभर जाडीची कोरडी साय जमून तो बंद पडला. गवंड्याच्या कामात कोणताही दोष नव्हता. प्लांट उपाशी राहिला होता. आज आमच्याकडे २ घनमीटरचा प्लांट आहे आणि तो नीट चालतो, कारण तो शेणाच्या मापाने बांधलेला आहे. पुढील सर्व मार्गदर्शन या एका अनुभवाभोवती आहे. गोबरगॅस ही बांधून सोडून द्यायची वस्तू नाही. त्याला गोठ्यातल्या आणखी एका जनावराप्रमाणे रोज, ठरलेल्या मापात आणि ठरलेल्या वेळी खाऊ घालावे लागते.

आत नेमके काय घडते

गाईम्हशीच्या पोटात वैरण कुजवणारे जे जीवाणू असतात, त्यांपैकी बरेचसे शेणाबरोबर बाहेर येतात. हवा लागू न देता शेण पाण्यात कालवून बंद टाकीत ठेवले की हे जीवाणू आपले काम पुढे चालू ठेवतात. त्यांचे ढोबळमानाने दोन गट आहेत. पहिला गट शेणातील सेंद्रिय पदार्थ फोडून त्यांची आम्ले बनवतो. हा गट चपळ आणि काटक असतो. दुसरा गट त्या आम्लांपासून मिथेन वायू बनवतो. हा गट संथ आणि नाजूक असतो, थंडी त्याला सोसत नाही आणि प्राणवायूच्या संपर्कात तो टिकत नाही. एकाच दिवशी क्षमतेपेक्षा फार जास्त शेण टाकले, तर पहिला गट भराभर आम्ल बनवतो, दुसऱ्याला ते संपवता येत नाही, टाकीतला काला, म्हणजे शेण-पाण्याचे मिश्रण, आंबट होतो आणि गॅस थांबतो. प्लांटच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या दोन गटांचा तोल बिघडण्यात असते, हे लक्षात ठेवले तर पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, त्या आपोआप पटतात.

तयार होणाऱ्या वायूत साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो आणि अगदी थोड्या प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड असतो. कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो तो या शेवटच्या वायूमुळे. एक घनमीटर गोबरगॅसची उष्णता सुमारे ४३० ग्रॅम एलपीजीएवढी भरते. म्हणजे २ घनमीटरचा प्लांट पूर्ण क्षमतेने चालला, तर १४.२ किलो गॅस असणाऱ्या घरगुती सिलिंडरइतकी उष्णता तो सोळा-सतरा दिवसांत देतो.

हे तंत्र आपल्याकडे नवे नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्यापासून वायू तयार करून तो दिव्यांसाठी वापरला गेला होता. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टोपाचा आराखडा तयार केला आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने तो देशभर नेला. १९८४ साली पुढे आलेल्या ‘दीनबंधू’ आराखड्याने खर्च बराच खाली आणला. देहू येथे डॉ. मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेल्या बायोगॅसवर आयुष्यभर काम केले आणि त्यासाठी त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. नव्याने सुरुवात करणारा शेतकरी अशा पुष्कळ लोकांच्या अनुभवावर उभा असतो, त्यामुळे त्याने स्वतःच्या पैशावर नवे प्रयोग करण्याची गरज नाही.

पहिली पायरी: सात दिवस शेण तोलावे

प्लांट किती मोठा हवा, हा प्रश्न घरातल्या माणसांवरून किंवा अनुदानाच्या रकमेवरून सोडवू नये. तो वजनकाट्यावर सोडवावा. सलग सात दिवस, सकाळ-संध्याकाळ गोठ्यात प्रत्यक्ष गोळा झालेले शेण पाटीने मोजून वहीत लिहावे आणि त्याची रोजची सरासरी काढावी. पुस्तकी हिशेबात गाय किंवा बैल दिवसाला १० किलो आणि म्हैस १२ ते १५ किलो शेण देते असे धरतात. तो आकडा दिवसभर दावणीला बांधलेल्या, पोटभर खाणाऱ्या जनावराचा आहे. जनावरे चरायला जात असतील तर निम्मे शेण रानातच पडते. वासराचे ५ किलोपेक्षा जास्त धरू नये. सारवणासाठी, गोवऱ्यांसाठी किंवा शेजाऱ्याला देण्यासाठी जे शेण जाते, तेही वजा करावे.

एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर वायू मिळतो, म्हणजे १ घनमीटर वायूसाठी रोज २५ किलो शेण लागते. १ घनमीटरच्या प्लांटला २५ किलो, २ घनमीटरला ५० किलो, ३ घनमीटरला ७५ किलो आणि ४ घनमीटरला १०० किलो, असा हा सरळ हिशेब आहे. स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला पाव घनमीटरच्या थोडा वर वायू पुरतो, त्यामुळे सहा-सात माणसांच्या घराला २ घनमीटर बेताचे होतात. शेण ६५ किलो भरले तर ३ घनमीटरचा मोह टाळून २ घनमीटरचाच प्लांट बांधावा, असा माझा ठाम सल्ला आहे. उरलेले शेण उकिरड्यात जाऊन त्याचे खत होईल आणि एखादे जनावर विकले गेले तरी प्लांट उपाशी राहणार नाही. पुढच्या पाच वर्षांत गोठा वाढणार आहे की घटणार आहे, याचा विचार घरात बसून मोकळेपणाने करावा. विशेषतः वाटणी व्हायची असेल, तर ती आधी होऊ द्यावी.

शेणाइतकाच पाण्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ५० किलो शेणाला रोज ५० लिटर पाणी लागते, आणि ते एप्रिल-मेमध्येही लागते. उन्हाळ्यात जिथे टँकरवर दिवस काढावे लागतात, अशा गावात हा विचार बांधकामापूर्वी झाला पाहिजे. गोठा धुतलेले पाणी आणि गोमूत्र यांचा वापर करून ताज्या पाण्याची गरज बरीच कमी करता येते. मात्र त्या पाण्यात फिनाईल किंवा साबण असता कामा नये. गोमूत्रातील नत्रामुळे वायूनिर्मितीला थोडी मदतच होते.

दुसरी पायरी: प्रकार निवडावा

तरंगत्या टोपाचा प्लांट समजायला सर्वांत सोपा असतो. विटांच्या विहिरीत शेणकाला असतो, त्यावर लोखंडी टोप तरंगतो, गॅस भरला की टोप वर येतो आणि वापरला की खाली जातो. किती गॅस शिल्लक आहे ते स्वयंपाकघराच्या दारातून दिसते आणि दाब दिवसभर सारखा राहतो. टोप गोल फिरवला की आतली साय मोडते, हा आणखी एक फायदा. त्याची दुबळी बाजू म्हणजे गंज. दरवर्षी टोप खरवडून रंगवला नाही तर काही वर्षांत त्याला भोके पडतात आणि नव्या टोपाचा खर्च जड जातो. फायबरचा टोप गंजत नाही, पण महाग असतो.

दीनबंधू प्लांट म्हणजे जमिनीखाली बांधलेला विटांचा पूर्ण घुमट. त्यात हलणारा भाग एकही नसतो, लोखंड जवळजवळ नसते, वरची जागा मोकळी राहते आणि जमिनीच्या उबेमुळे थंडीत तो अधिक तग धरतो. गॅस जमेल तसा तो काल्याला खाली दाबतो, काला बाहेरच्या टाकीत चढतो, आणि गॅस वापरला की काला परत आत येतो. त्यामुळे सकाळी दाब भरपूर असतो आणि स्वयंपाक होत जाईल तसा कमी होतो, याची सवय करून घ्यावी लागते. या प्रकाराचे सगळे यश गवंड्याच्या हातात असते. घुमटाला केसाएवढी भेग राहिली तरी गॅस निघून जातो.

जाड प्लॅस्टिकच्या कापडाच्या पिशवीचे तयार प्लांटही आता मिळतात. एका दिवसात ते बसतात आणि जागा बदलायची झाल्यास हलवता येतात. उंदीर, घुशी, जनावरांची शिंगे आणि कडक ऊन यांपासून त्यांना जपावे लागते, म्हणून भोवती कुंपण आणि वर सावलीची सोय धरूनच त्यांची किंमत मोजावी. स्वतःची जमीन आहे, चांगला गवंडी उपलब्ध आहे आणि गोठा कायम राहणार आहे, अशा कुटुंबाने दीनबंधू बांधावा असे मला वाटते. गोठा भाड्याच्या जागेत असेल किंवा जमिनीत पाणी फार वर असेल, तर पिशवीचा प्लांट बरा.

तिसरी पायरी: जागा आणि बांधकाम

प्लांट गोठ्याला चिकटून असावा. शेण उचलून शंभर पावले न्यावे लागले की पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी ते नेले जात नाही, आणि तिथूनच आबाळ सुरू होते. स्वयंपाकघर वीस-पंचवीस मीटरच्या आत असावे, पण शेण आणि स्वयंपाकघर यांपैकी एकाच्या जवळ जायचे झाले तर गोठ्याजवळ जावे, कारण नळी लांबवणे सोपे असते. जागेवर दिवसभर ऊन पडले पाहिजे. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर किमान पंधरा मीटर दूर असावे. वड, पिंपळ, चिंच अशा झाडांची मुळे टाकी फोडतात, म्हणून त्यांच्यापासून लांब राहावे. पावसाचे पाणी वाहून येणारी किंवा साचणारी जागा घेऊ नये.

काळ्या मातीच्या जमिनीत विशेष काळजी लागते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि या हालचालीत घुमटाला भेगा जातात. तिथे खड्डा थोडा रुंद काढून टाकीभोवती मुरूम भरून तो ठोकून घ्यावा. कोकणात आणि नदीकाठी भूजल वर येते तेव्हा रिकामी टाकी खालून उचलली जाऊन तडकू शकते, म्हणून अशा ठिकाणी बांधकाम उन्हाळ्यात पूर्ण करून पावसापूर्वी टाकी भरलेली असावी.

बांधकामाचा तपशील येथे देऊन कोणी स्वतः घुमट बांधावा, अशी माझी इच्छा नाही. ज्याने आधी दीनबंधू बांधले आहेत आणि ज्याचे किमान दोन प्लांट आपण चालू स्थितीत पाहिले आहेत, असाच गवंडी घ्यावा. त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी स्वयंपाकाच्या वेळी जावे, शेगडी पेटवून पाहावी आणि ती वापरणाऱ्या बाईंशी बोलावे. घरमालकाने स्वतः लक्ष घालायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. विटा पूर्ण भाजलेल्या आणि वाजवल्यावर खणखणीत आवाज देणाऱ्या असाव्यात. वाळूत माती नसावी, असल्यास ती धुऊन घ्यावी. घुमटाला आतून गिलावा एका थरात न उरकता अनेक पातळ थरांत करून घ्यावा आणि शेवटी गॅस न झिरपू देणारा रंग दोन हात लावून घ्यावा. किमान दोन आठवडे बांधकामावर पाणी मारावे. त्यानंतर घुमटाभोवती आणि वर माती भरून ती दाबून घ्यावी. हा मातीचा भार शोभेसाठी नसतो. आतून वर रेटणाऱ्या गॅसच्या दाबाला तोच थोपवून धरतो.

शेण भरण्यापूर्वी टाकीची परीक्षा घेणे मी अनिवार्य समजतो. टाकी पाण्याने भरावी, भिंतींनी पाणी पिऊन घेईपर्यंत एक दिवस थांबावे, पातळी पुन्हा पूर्ण करून खूण करावी आणि चोवीस तासांनी पाहावे. पातळी एक-दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरली असेल तर कुठेतरी गळती आहे. पाण्याची परीक्षा पार पडल्यावर गॅसचा कॉक बंद करून बाहेरच्या टाकीत आणखी पाणी ओतावे, म्हणजे घुमटातली हवा दाबली जाईल, आणि ही वाढलेली पातळी दुसऱ्या दिवशीही टिकते का ते पाहावे. पाणी टिकले पण हवा टिकली नाही, तर दोष घुमटाच्या वरच्या भागात किंवा नळीच्या सांध्यात आहे. गवंड्याचा शेवटचा हप्ता या परीक्षेनंतरच द्यावा, हे आधीच बोलून ठेवावे.

केंद्र सरकारच्या कार्यक्रमातून लहान बायोगॅस प्लांटना अनुदान मिळत आले आहे आणि शौचालय जोडल्यास त्यात भर पडते. रक्कम आणि अटी वेळोवेळी बदलतात, त्यामुळे काम सुरू करण्याच्या आधी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांना भेटून चालू वर्षाचे नियम आणि उद्दिष्ट शिल्लक आहे की नाही हे विचारावे. मंजुरीपूर्वी खड्डा खणू नये.

चौथी पायरी: पहिली भरणी

पहिली भरणी ही सर्वांत जास्त शेण खाणारी पायरी आहे आणि पुष्कळ जण तिचा विचार करायला विसरतात. २ घनमीटरच्या प्लांटमध्ये रोज १०० लिटर काला जातो आणि आपल्या हवामानात तो आत सुमारे ४० दिवस राहावा लागतो, म्हणजे टाकीत ४,००० लिटर काला मावतो. त्यासाठी जवळपास दोन टन शेण हवे. बांधकाम चालू असतानाच ते साठवायला सुरुवात करावी, ढीग सावलीत ठेवावा, वरून ओला गोणपाट टाकावा आणि त्यात माती, खडे, काडीकचरा जाऊ देऊ नये. वाळलेले शेण चालत नाही. गावात एखादा चालू प्लांट असेल तर त्यातला ताजा काला दहा-पंधरा घागरी मागून आणावा. दह्याला विरजण लावावे तसे ते काम करते आणि गॅस लवकर सुरू होतो.

शेण आणि पाणी समान घेऊन हाताने किंवा फावड्याने गाठी फोडून एकजीव कालवावे. काला पिठल्यापेक्षा पातळ आणि ताकापेक्षा घट्ट असावा. फार पातळ झाला तर घन भाग तळाशी बसतो, फार घट्ट झाला तर गॅसचे बुडबुडे वर येत नाहीत. भरताना गॅसचा कॉक उघडा ठेवावा, म्हणजे आतली हवा निघून जाते. बाहेरच्या टाकीच्या तळापर्यंत काला आला की भरणे थांबवून कॉक बंद करावा.

यानंतर दोन-तीन आठवडे थांबावे लागते आणि थंडीत त्याहून जास्त. या काळात नवे शेण टाकू नये. पहिल्यांदा जमलेल्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त आणि थोडी हवा मिसळलेली असते, त्यामुळे तो पेटत नाही आणि हवेच्या मिश्रणामुळे तो धोक्याचाही असतो. पहिले एक-दोन साठे घराबाहेर, मोकळ्या हवेत सोडून द्यावेत, जवळ विडीकाडी असू नये. त्यानंतर शेगडीवर काडी लावून पाहावी. निळी, स्थिर ज्योत आली की त्या दिवसापासून रोजचे शेण सुरू करावे, आणि पहिल्या आठवड्यात ते निम्म्या मापानेच द्यावे.

पाचवी पायरी: नळी आणि शेगडी

गोबरगॅस पाण्याची वाफ घेऊनच बाहेर पडतो. नळीत ती गार होऊन पाणी साचते आणि ज्योत भकभक करू लागते. म्हणून नळीला शंभर सेंटीमीटरला एक सेंटीमीटर याप्रमाणे सलग उतार द्यावा आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढण्याचा कॉक बसवावा. हा कॉक आठवड्यातून एकदा उघडून पाणी काढावे. प्लॅस्टिकची नळी उन्हात उघडी ठेवू नये, हातभर खोल पुरावी. अर्ध्या इंचीऐवजी पाऊण इंची नळी घेतल्यास थोडा खर्च वाढतो, पण ज्योत मंद राहण्याची तक्रार राहत नाही.

एलपीजीची शेगडी तशीच जोडू नये. गोबरगॅसची उष्णता कमी आणि दाबही कमी, म्हणून त्याच्या शेगडीची तोटी आणि बर्नरची छिद्रे मोठी असतात. गोबरगॅससाठी बनवलेली शेगडीच आणावी. ज्योत पिवळी असेल आणि भांडी काळी होत असतील तर हवा कमी मिळते आहे, हवेची चकती थोडी उघडावी. ज्योत बर्नरवरून उचलली जात असेल, सूं सूं आवाज करत विझत असेल, तर हवा किंवा दाब जास्त आहे. भाकरी शेकताना लागणारी जोराची आच गोबरगॅसवर मिळते, पण त्यासाठी दीनबंधू प्लांटवर भाकरी सकाळी, दाब भरलेला असताना आधी उरकून भात-आमटी नंतर ठेवणे सोयीचे होते. आमच्या घरातल्या बायकांनी हा क्रम पहिल्याच महिन्यात बसवला.

गळती शोधायची ती साबणाच्या फेसाने. सांध्यावर फेस लावावा, बुडबुडे फुगले तर तिथे गळती आहे. काडी पेटवून गळती कधीही शोधू नये. स्वयंपाकघरात वास आला तर दारे-खिडक्या उघडाव्यात, मुख्य कॉक बंद करावा आणि विजेचे बटण लावू किंवा बंद करू नये. वायू उगाच हवेत सोडण्याची सवयही नसावी, कारण मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट अधिक उष्णता वातावरणात अडकवतो.

सहावी पायरी: रोजचे काम

रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी ऊन वर आल्यावर, मापाचे शेण आणि तेवढेच पाणी कुंडीत कालवून काडीकचरा आणि खडे काढून टाकीत सोडावे. याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. बांबूने आत आणि बाहेरच्या बाजूने दहा-बारा वेळा ढवळावे, म्हणजे साय जमत नाही. एक दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घालू नये.

बाहेरच्या टाकीतून काला वाहून जाण्याचे तोंड नेहमी मोकळे ठेवावे. ते तुंबले तर काला घुमटात वर चढतो, गॅसच्या नळीत शिरतो आणि मग नळी काढून साफ करण्याचा मोठा व्याप होतो. त्या टाकीवर जड फरशी असलीच पाहिजे. गोठ्याजवळ लहान मुले आणि वासरे हिंडत असतात.

जनावराला प्रतिजैविकाची इंजेक्शने चालू असतील तर त्याचे शेण ते दिवस वेगळे उकिरड्यावर टाकावे. गोचिडाचे औषध फवारलेल्या गोठ्याचे धुवण, साबणाचे पाणी आणि फिनाईल यांना टाकीत प्रवेश नाही. स्वयंपाकघरातले शिळे अन्न थोडे चालते आणि पिठूळ अन्नातून शेणापेक्षा कितीतरी जास्त गॅस मिळतो, पण ते लवकर आंबते, म्हणून मूठभरापासून सुरुवात करावी. शौचालय जोडायचे असल्यास त्याची नळी स्वतंत्र घ्यावी, पाणी बेताने वापरावे आणि भांडे साफ करायला ॲसिड न वापरता ब्रश व राख वापरावी.

थंडीत गॅस कमी होणारच. ३० ते ३५ अंशांच्या आसपास जीवाणू सर्वांत खुश असतात आणि पंधरा अंशांखाली ते जवळजवळ झोपी जातात. कालवण्याचे पाणी सकाळी उन्हात तापत ठेवून दुपारी भरणी करावी, थोडे गोमूत्र घालावे आणि घुमटावरच्या मातीवर पाचटाचा किंवा कडब्याचा जाड थर पसरावा. अचानक गॅस थांबला आणि काल्याला आंबट वास येऊ लागला, तर शेण टाकणे आठवडाभर बंद करावे, थोडी चुन्याची निवळी घालून ढवळावे आणि वाट पाहावी.

सातवी पायरी: स्लरी

गॅस हा प्लांटचा अर्धाच लाभ आहे, आणि माझ्या मते लहान अर्धा. पचनात शेणातल्या कार्बनचा काही भाग गॅस होऊन जातो, पण नत्र, स्फुरद आणि पालाश जवळजवळ सगळे स्लरीत, म्हणजे गॅस देऊन बाहेर पडणाऱ्या काल्यात, राहतात. गोवऱ्या जाळल्यावर नत्र धुरात जातो, उघड्या उकिरड्यावरही तो उन्हाने आणि पावसाने कमी होतो. स्लरीतील नत्राचा मोठा भाग पिकाला लगेच उचलता येणाऱ्या स्वरूपात असतो. तणांचे बी बरेचसे मरते आणि माश्याही कमी होतात.

ताजी स्लरी द्यायची असेल तर पाटपाण्याबरोबर थोडी थोडी सोडावी, सकाळी किंवा संध्याकाळी, आणि शक्यतो मातीत मिसळावी. उन्हात पसरून वाळवली तर तिच्यातला अमोनिया उडून जातो, आणि आपण कष्टाने राखलेला नत्र हातातून निसटतो. ठिबकमधून द्यायची असल्यास बारीक कापडाने दोनदा गाळूनही नळ्या तुंबण्याची शक्यता राहते, म्हणून मी ती पद्धत सुचवत नाही.

उसाच्या पट्ट्यात सर्वांत चांगला मार्ग मला पाचटाचा वाटतो. बाहेरच्या टाकीजवळ दोन खड्डे घ्यावेत, एकात पाचटाचा वीतभर थर, त्यावर दोन-तीन दिवसांची स्लरी, पुन्हा पाचट, असे भरत जावे आणि तो भरला की मातीने झाकून दुसऱ्याकडे वळावे. जे पाचट एरवी शेतात पेटवून दिले जाते, ते तीन-चार महिन्यांत काळे, भुसभुशीत खत होते. शौचालय जोडलेले असेल तर स्लरी भाजीपाल्याला ताजी देऊ नये, ती अशाच खड्ड्यात पूर्ण मुरवून फळझाडांना किंवा उसाला द्यावी.

वीज निर्माण करण्याचा विचार घरगुती प्लांटवर करू नये. लहान इंजिनावर एक घनमीटर गॅसपासून दीड युनिटच्या आसपास वीज मिळते, त्यामुळे २ घनमीटरचा सगळा गॅस खर्चून हाती तीन युनिट येतात आणि चूल मात्र लाकडावर जाते. पन्नास-शंभर जनावरांच्या दुग्धव्यवसायात हे गणित जमते, तिथेही हायड्रोजन सल्फाइड इंजिन खातो म्हणून गॅस लोखंडाच्या किसातून गाळूनच द्यावा लागतो.

टाकीत उतरण्याविषयी

नीट चालवलेली टाकीसुद्धा काही वर्षांनी, तळाशी वाळू आणि माती साचल्यामुळे, एकदा रिकामी करावी लागते. हे काम घरच्या माणसाने टाकीत उतरून करू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही प्राणवायू नसतो, तळचा गाळ हलवला की हायड्रोजन सल्फाइड एकदम बाहेर पडतो आणि तो जास्त प्रमाणात असला की त्याचा वास येणेच बंद होते. आत कोसळलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही दगावतात. नळी काढून, सगळी तोंडे उघडी ठेवून, काला पंपाने उपसून टाकी कित्येक दिवस मोकळी ठेवावी, पंख्याने आत हवा मारावी आणि शक्य तितका गाळ वरूनच लांब दांड्याच्या फावड्याने किंवा मड पंपाने काढावा. उतरणे टळतच नसेल तर या कामाची माणसे आणि साधने असलेल्यांनाच बोलवावे. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा आणि त्याचे दुसरे टोक वर उभ्या असलेल्या दोघांच्या हातात असावे. आत कंदील, काडीपेटी किंवा मोबाईल नेऊ नये, प्रकाश वरून आरशाने सोडावा.